चार सुतांची धास्ती

जोगेश्वरीच्या गुणाजी परबाला जन्मात कुणी साहेब म्हटलं नाही, पण राजवाडे किती बांधलेस विचाराल तर सांगेल, चाळीस. सगळे टेबलावर मावतील एवढे. अंधेरीच्या स्टुडिओत तो सिनेमासाठी लहान लहान मॉडेलं करायचा. किल्ले, आगगाड्या, टबात बुडवायच्या बोटी. मग ते काम कॉम्प्युटर करायला लागला, आणि गुणाजी रंधा पुसून घरी बसला. अडुसष्टाव्या वर्षी हात रिकामा पडला की बाप्या माणूस बायकोच्या डब्यांची झाकणं सारखी करत फिरतो. बायको वनमाला पार वैतागली होती.

अशात जाहिरात कंपनीतला सर्वेश दारात उभा राहिला. "काका, नेव्हीचं काम आहे. एकदम झकास करायचं."

नौदलाला आपल्या विमानवाहू बोटीसाठी नवी लढाऊ विमानं निवडायची होती. दोन कंपन्यांत चुरस. एकीचं विमान पंख मिटून बसतं, टोळासारखं. दुसरीच्या विमानाचे पंख काही मिटत नाहीत. सर्वेशचं गिऱ्हाईक ही दुसरी. विमानं बोटीच्या पोटात राहतात आणि लिफ्टनं वर येतात. तर ती लिफ्ट आणि ते विमान, खऱ्याच्या विसाव्या हिश्शानं, लाकडात करायचं. मंगळवारी अधिकाऱ्यांपुढे ठेवायचं.

गुणाजीनं हलका पांगारा आणला, सर्वेशनं दिलेल्या कागदावरची मापं घेतली, फोटो भिंतीला चिकटवले. सोमवारी सकाळी विमान उचलून लिफ्टवर ठेवलं, तर मावेचना! दोन्ही बाजू धरून चार सूत पंख बाहेर. चार सूत म्हणजे अर्धा इंच. म्हणजे खऱ्या विमानात दहा इंच.

त्यानं तीनदा मोजलं, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजलं. हात म्हातारा झाला म्हणायचं की काय? आपल्या कापण्यातल्या चुकीपायी नेव्हीवाल्यांनी चांगलं विमान नाकारलं तर? सुताराची चूक कपाटात खपते, देशाच्या कामात कशी खपेल?

"तुमका झाला तरी काय? घाम बघा केवढो इलो," वनमाला म्हणाली.

"गप रव गो. मावत नाय ता."

तिनं कमरेवर हात ठेवून विमानाकडे पाहिलं. "कुंदाच्या कपाटासारख्या केलास काय?"

कुंदा त्यांची लेक, मुलुंडला अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या लग्नात गुणाजीनं कपाट केलं, मोजलं, पण दारांच्या मुठी सोडून मोजलं. बिल्डिंगच्या लिफ्टचं दार लागेना. अकरा मजले खांद्यावरून चढवलं, आणि व्याह्यांनी वर चहा पाजताना हसू काही लपवलं नाही.

गुणाजीनं झटकन कागद ओढला. माप होतं ते नुसत्या पंखांचं. फोटोत पंखांच्या टोकांना क्षेपणास्त्रं अडकवायच्या पट्ट्या होत्या, त्या त्यानं फोटो बघून केल्या होत्या. म्हणजे हात खोटा नव्हता. कागदानंच मुठी सोडल्या होत्या! एक भीती गेली नि तिच्या जागी दुसरी, थोरली, येऊन बसली: खरं विमानच बोटीच्या लिफ्टीत मावणार नाही.

सर्वेश धावत आला. "घासा ना काका जरा. तिथं कोण फूटपट्टी लावतोय?"

"घासलं तर माझ्या लिफ्टीत मावेल. बोटीवर कानस घेऊन तू बसणार काय रे?"

"माझी वाट लागेल काका!" त्यानं विमानाच्या कंपनीला फोन लावला, अर्धा तास गॅलरीत फेऱ्या मारल्या. "ते म्हणतात, पट्ट्यांसकट पंखांची टोकं काढता येतात."

"येतात ना? मग तशीच करतो."

गुणाजीनं टोकं कापून बांबूच्या बारीक खुंट्यांवर बसवली. ओढली की निघावीत, ढकलली की बसावीत. सर्वेश ती काढून वेगळ्या पिशवीत घालू लागला, तसा गुणाजीनं त्याचा हात धरला.

"लावूनच ने. काढायची ती त्यांच्यादेखत काढ."

मंगळवार काही सरेना. जरा फोन वाजला की गुणाजी उठायचा, तर कधी बँकवाला, कधी कुंदा. त्याच्या डोळ्यांपुढं एकच यायचं. बोट भर समुद्रात डुलतेय, विमान तातडीनं वर न्यायचंय आणि कुणाचा तरी पोरगा पंखाच्या टोकाशी झटापट करतोय. ते आज त्या साहेबांना दिसलं नाही, तर मग कधी दिसणार?

संध्याकाळी सर्वेशचा फोन आला.

"मेलो काका. एक साहेब टोकं काढत होते, दुसरे घड्याळ लावून बसले. मग विचारलं, खऱ्या विमानाची काढायला किती वेळ लागतो? आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. आता लेखी उत्तर मागितलंय. निवड पुढे ढकलली. कंपनी म्हणते, त्या सुताराला पुन्हा बोलवू नका."

"म्हणजे मावत नाय ता त्यांनी बघितलं?"

"चांगलं वाकून वाकून बघितलं."

गुणाजी हळूच खाटेवर टेकला. मग पुन्हा कपाळाला आठी पडली.

"सर्वेश, खरं सांग. साहेबांनी ओढल्यावर खुंट्या अडल्या तर नाय ना?"