कानसेन आणि नर्सबाईंचा रेडिओ

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. मीटर लावायच्या आधी तो डोळे मिटून ऐकायचा. कुठला रिले टिकटिकतोय, कुठला पंखा घासतोय, बसल्या जागी सांगायचा. दुसऱ्यांनी दिवसभर डोकं खाजवावं आणि ह्याने येऊन नेमकं बोट ठेवावं.

म्हणून तर हल्ली त्याची पाचावर धारण बसली होती. कानात दडे बसावेत तसं मधूनच सगळं बंद व्हायचं, आणि थोड्या वेळाने आपलं आपण सुरू. बायकोला त्याने सांगितलं नव्हतं. डॉक्टरचं तर नावच नको. तो नको ते सांगून बसला तर? गल्लीला नुसती कुणकुण लागली की संपलंच. बहिऱ्या कानसेनाकडे गाडी कोण लावणार?

अशात शेजारच्या नर्सबाई गाडी घेऊन आल्या. "कंपनीने बसवलेलाच रेडिओ आहे, पण चालता चालता गप्प होतो. मग आपोआप सुरू. एक जण म्हणाला, नवीनच बसवा. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावा."

ऐकण्याचंच काम नेमकं आत्ता यायचं होतं!

फ्यूज बघितला, ठीक होता. मग रेडिओ चालू ठेवूनच खाचेतून पुढे ओढला आणि मागच्या वायरी एकेक करून हलवत गेला. अर्थिंगच्या वायरीला हात लागला मात्र, आवाज गेला आणि पडद्यावरचे आकडेही विझले. वायर गाडीच्या पत्र्याला जिथे कसलेली असते तिथला स्क्रू ढिला होता, खाली गंज. खड्डा आला की वायर सुटायची, बाकी काही नाही. त्याने गंज खरवडला, स्क्रू आवळला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. रेडिओ बिघडलेला होता, खराखुरा बिघडलेला!

काम झालं की खडबडीत रस्त्याने एक फेरी मारायची, हा त्याचा शिरस्ता. बायको शेजारी येऊन बसली. "चला, तेवढंच फिरणं. एरवी तुम्ही कुठे नेताय मला."

फेरी झकास झाली. बातम्या देणारी बाई एकाही खड्ड्यात अडखळली नाही. परत येऊन त्याने दुकानापुढे गाडी लावली, इंजिन बंद केलं, रेडिओ तेवढा चालू ठेवला. आणि बाई बोलता बोलता गप्प झाली.

पडद्यावरचे आकडे मात्र लख्ख. म्हणजे करंट येतोय. मग स्पीकरची वायर असणार. असणारच! रस्त्याचाही आवाज येत नव्हता, पण तिकडे त्याने लक्ष दिलं नाही, द्यायचंच नव्हतं. तो खाली उतरला. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून स्पीकरच्या वायरी जातात, त्या ओढून बघितल्या, वाकवून बघितल्या. जन्मभर काम लवकर उरकावं म्हणून धडपडलेला माणूस आज मनातल्या मनात गयावया करत होता, देवा, वायर तुटलेली निघू दे.

वायर कुठेच तुटलेली नव्हती. वाकून वाकून कंबर धरली, म्हणून आधाराला त्याने दारातल्या स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवला.

जाळी थरथरत होती.

त्याने हात काढला, परत ठेवला. पलीकडे वाकून आवाज वाढवला, तशी थरथरही वाढली. बाई बातम्या देतच होती. बायकोने कपाळाला आठ्या घालून दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तिचे ओठ हलले.

आता कुणापासून लपवायचं, आणि किती दिवस? त्याला रडू फुटलं.

"गाडीत काही नाही गं," तो हळूच तिला म्हणाला. "मलाच ऐकू येत नाहीये."

निदान त्याला वाटलं, हळूच. पण समोरच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवून वर बघितलं, त्याच्या मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही वळली, आणि बायकोने घाईघाईने हात पुढे करून त्याचं तोंड दाबलं.