गावियाच्या घाटात देल्फिना

पोन्ते दि लेन्यो या डोंगरगावातल्या तुल्लियोच्या दुकानात हिवाळ्यात स्की भाड्यानं मिळायच्या आणि उन्हाळ्यात सायकली. ऑगस्ट सरत आला होता. मागच्या भिंतीला स्कीचे बूट धूळ खात बसले होते आणि पुढं छताला सायकली टांगलेल्या होत्या. देल्फिना आत आली तेव्हा तुल्लियोला वाटलं, बाई नातवासाठी सायकल बघायला आली असेल.

"किती उंच आहे तो?" त्यानं विचारलं.

"तो कोण?"

"ज्याला सायकल हवीये तो."

"मला हवीये," देल्फिना म्हणाली. "शर्यतीची. खाली वळलेल्या हँडलची. गावियाला जायचंय."

तुल्लियोनं फडक्याला हात पुसले. "सिन्योरा, माझं ऐका, बॅटरीवाली न्या. बटण दाबलं की मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं."

"मागून कुणी नकोय मला."

तुल्लियोनं तिला भिंतीशी उभं करून पायाचं माप घेतलं, एक लहान सांगाड्याची सायकल खाली काढली आणि मागच्या चाकाला होतं त्याहून मोठं दातेरी चक्र बसवून द्यायचं कबूल केलं. पेडल साधी हवीत की बूट अडकवायची, असं त्यानं विचारलं. तिनं साधी सांगितली. शनिवार-रविवारी घाटात मोटारसायकलींचा धुमाकूळ असतो, म्हणून सप्टेंबरातला एक मंगळवार ठरला.

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मागं गाडी तरी?"

"गाडी नेहमी मीच चालवायचे," देल्फिना म्हणाली आणि घरी, एदोलोला जाणारी बस गाठायला बाहेर पडली.

ते खरंच होतं. देल्फिनाचा नवरा एजीदियो रेल्वेत रूळ तपासायचा आणि उरलेल्या वेळात सायकल चालवायचा. रविवारी क्लबातल्या मित्रांबरोबर; पण गावियाचा घाट मात्र वर्षातून एकदा, जूनमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला, दोघंच. दोघं म्हणजे तो पुढं सायकलवर आणि ही मागं मोटारीत, पहिल्या गिअरमध्ये. शेजारच्या सीटवर गरम चहाचा थर्मास, कोरडा बनियन, जॅकेट. या घाटाचं प्रत्येक वळण तिला पाठ होतं, पण काचेतून. आणि काचेच्या मधोमध सदा एजीदियोची पाठ आणि निळी टोपी.

दोन वर्षांपूर्वी एजीदियो गेला. घाटात नाही, इस्पितळात, महिनाभर खंगून. ते इस्पितळही देल्फिनाच्या ओळखीचंच, तिची सगळी नोकरी तिथल्या धुलाईखान्यात चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेलेली. या वसंतात ती निवृत्त झाली आणि सकाळी उठून काय करायचं, हे तिला कळेनासं झालं. तळघरात त्याची सायकल टांगलेली होती. एकदा कुणी बघत नाही असं पाहून तिनं ती खाली काढली आणि वर बसली, तर पाय पेडलला लागेचनात, नुसते हवेत लोंबकळत राहिले. एजीदियो होताच ताडमाड. मग ती बाजारहाटाच्या जड सायकलवरून अप्रिकाच्या रस्त्यानं रोज थोडं थोडं वर जाऊ लागली. पुढच्या टोपलीत मुद्दाम बटाटे ठेवायची, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं.

पण गावात गोष्ट लपते थोडीच. क्लबाचा अध्यक्ष बोर्तोलो तिला स्टेशनाजवळच्या बारमध्ये घेऊन गेला.

"देल्फि, अगं एकटी कसली जातेस! आम्ही सगळे येतो. छातीवर एजीदियोचा फोटो छापलेले शर्ट करून घेऊ. पाद्रीबाबांना आशीर्वादाला बोलावू. त्याची सायकल मोटारीच्या टपावर बांधू, फुलं लावून."

"आणि मी?"

"तू गाडीत! नेहमीसारखी."

देल्फिनानं कॉफीत साखर घातली आणि बराच वेळ ती ढवळत राहिली. बोर्तोलो मनानं वाईट नव्हता. एजीदियोच्या शवपेटीला खांदा देताना तो सगळ्यांत जास्त रडला होता.

"गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांग," ती म्हणाली. "आणि जायचं असेल तर तुम्ही वेगळे जा. मी वेगळी जाते."

बोर्तोलोचा चेहरा उतरला. "तो आमचाही होता गं," तो म्हणाला.

ब्रेशियाहून मुलाचा, मिर्कोचा फोन आला तो भांडायलाच. "मम्मा, तुला वेड लागलंय का? पप्पांनी तुला कधी तरी सायकलवर बसवलं होतं का?"

"नाही ना. म्हणून तर."

"थांब मग. मी रजा काढतो, मी येतो बरोबर."

ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला बरंही वाटलं, हे तिनं स्वतःशी नाकारलं नाही. तुल्लियोला फोन करून तिनं दुसरी, मोठी सायकल सांगून ठेवली. आदल्या रविवारी मिर्कोचा पुन्हा फोन आला, कंपनीत कुणीसं आजारी पडलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की, मम्मा." देल्फिनानं मोठी सायकल रद्द केली.

मंगळवारी सकाळी आकाश निवळलेलं होतं. तुल्लियोनं सीटची उंची पुन्हा एकदा जुळवली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि तिच्या पाठच्या खिशात न मागता दोन केळी कोंबली. "चेष्टा वाटेल, पण पहिला टप्पा आजीबाईसारखा चालवा," तो म्हणाला.

"आजीबाईच आहे मी."

सांत आपोलोनियाच्या वस्तीपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथून पुढं रस्ता मोटारीएवढाच अरुंद होतो आणि उभाच्या उभा चढतो. मोटारीतून हा चढ म्हणजे फक्त इंजिनाचा बदललेला आवाज असायचा. आता तो मांड्यांत शिरला, मग कमरेत, मग कानांत. इतकी वर्षं काच बंद असायची. इथं पाण्याचा एवढा आवाज असतो, हे तिला माहीतच नव्हतं. मधूनमधून ती सवयीनं पुढं बघायची, पाठ शोधायला. पुढं नुसता रस्ता असायचा. मग मागं वळून बघायची, तर मागंही रस्ताच. दोन तरुण जर्मन तिला ओलांडून गेले, जाताना काहीतरी छानसं म्हणाले, आणि दिसेनासे झाले. त्यानंतर कुणीच नाही.

बोगद्याच्या अलीकडं एक भयंकर चढ आहे. दर वर्षी नेमका याच जागी एजीदियो न वळता डावा हात हलवायचा: तू हो पुढं. मग ती त्याला ओलांडून, बोगद्यातून वर खिंडीतल्या हॉटेलात जायची, दोन कॉफ्या सांगायची आणि त्या गार होईपर्यंत खिडकीशी बसायची. शेवटचा तुकडा त्याला एकट्याला हवा असतो, डोंगराशी त्याचं जे काही आहे त्यात माझी अडचण होते, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. विचारलं मात्र कधी नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं म्हणून विचारलं नाही, आणि नंतर सवय झाली म्हणून.

त्या चढावर देल्फिनाचं पुढचं चाक डगमगलं. तिनं पाय टेकला, उतरली आणि हँडलवर डोकं टेकून धापा टाकू लागली.

"ढकलत ने, ढकलत," वरून आवाज आला. रस्त्याच्या कडेला दगडी खोपटापाशी एक म्हातारी शेळ्यांना मीठ चाटवत उभी होती. "इथं सगळेच उतरतात. लाजू नकोस."

"सगळे?"

"सगळे म्हणजे, ज्यांना मागं कुणी नसतं ते. बायको बघत असली की मरतील, पण उतरायचे नाहीत." म्हातारी हसली. "एक होता उंच, निळ्या टोपीवाला. तो जूनमध्ये यायचा, वर्षाला एकदा. मागं एक मोटार असायची. तिला पुढं पाठवायचा, ती वळणाआड गेली की टुणकन खाली. बोगद्याच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायचा. माझ्याकडचं ताक प्यायचा. मग टोपी नीट करून पुन्हा स्वार!"

जून. निळी टोपी.

"काही बोलायचा का?" देल्फिनानं विचारलं.

"बोलायचा की. म्हणायचा, वर कॉफी गार होत असेल. गेली दोन वर्षं दिसला नाही. म्हातारा झाला असेल. ताक देऊ?"

"द्या," देल्फिना म्हणाली. तो मेला, हे काही तिनं सांगितलं नाही. म्हातारीच्या अंगणात तो अजून नुसता उशीर करत होता, तर करू दे.

ताक पिता पिता तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच बघता बघता रडू झालं. शेळ्या टक लावून बघत राहिल्या. लबाड मेला! मी चादरींवरचे रक्ताचे डाग काढलेली बाई, शेवटी शेवटी तुला न्हाऊ घातलं मी, आणि माझ्यासमोर तुला सायकलवरून उतरायची लाज? तिला राग आला, आणि राग काढायला समोर माणूस नव्हता. वर हॉटेलात ती एकटी बसायची, इथं खाली तो एका परक्या बाईबरोबर ताक प्यायचा, आणि मधे जेमतेम काही वळणं. इतकी वर्षं!

उरलेला रस्ता तिनं काही चालत, काही चालवत काढला. खिंडीत वारा झोंबत होता. हॉटेलात तिनं एकच कॉफी सांगितली आणि गरम असतानाच प्यायली. मिर्कोला फोन लावला.

"पोचले," ती म्हणाली.

"खरंच? उतरावं लागलं का कुठं?"

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. "लागलं," ती म्हणाली. "थंडी आहे रे. ठेवते."

उतारावर बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबलाय की नाही, हे कळेना. तुल्लियोनं सायकल घेतली, चिखल पुसला. ओरखडा कुठं आहे, ते शोधल्यासारखं केलं आणि तिला शेगडीशी बसवलं. कसं झालं, असं त्यानं विचारलं. बरं झालं, असं तिनं सांगितलं. बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून झोपली आणि तिचा थांबा चुकला.

ऑक्टोबरात क्लबाचं वार्षिक जेवण झालं. बोर्तोलोनं रुसवा सोडून तिला आपल्या शेजारी बसवलं होतं. मक्याच्या पिठाचा पोलेंता वाढून झाल्यावर तो पेला उंचावून उभा राहिला.

"एजीदियो! गावियावर आयुष्यात कधी पाय टेकला नाही पठ्ठ्यानं. देल्फि, तू साक्षीला आहेस. सांग यांना!"

टेबलावरचे सगळे तिच्याकडं वळले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बायका शेजारीच बसल्या होत्या.

"मोटारीतून तरी मला कधी दिसलं नाही," देल्फिना म्हणाली.

टाळ्या पडल्या, पेले एकमेकांवर आपटले, कुणीतरी गाणं सुरू केलं. बोर्तोलोनं तिच्या ताटात चीजचा आणखी एक तुकडा ठेवला. ती तो सावकाश खात राहिली.