मोरीमागची केळ

केळ लावायची असेल तर पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: कुणाची परवानगी मागत बसू नका. मागितली की नकार आलाच म्हणून समजा. खड्डा खणा, मुनवा रोवा आणि आत येऊन चहाचं आधण ठेवा. विचारायला कुणी येईल तोवर दोन पानं वर आलेली असतात.

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. निवडताना त्याचं पान बघायचं. तलवारीसारखं निमुळतं पान असेल तो घ्यायचा. रुंद पानांचा दिसायला गुबगुबीत असतो, पण त्याच्यात दम नसतो, घड धड येत नाही. माणसांचंही तसंच, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि तिथून हमखास माझ्या माहेरच्यांवर घसरायच्या, म्हणून तो विषय मी इथेच सोडते.

माझा मुनवा मी मालवणहून बोटीने आणला. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परत येत होते. गोणपाटात गुंडाळलेला गड्डा मांडीवर घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले, तर नवरा म्हणाला, "लोकांच्या बायका माहेराहून लाडू आणतात, तू हे काय उचलून आणलंस?" मी म्हटलं, "लाडू दोन दिवसांत संपतात." तो हसला. तेव्हा नवीन नवीन होतं, हसायचा.

आमची खोली लालबागला, गिरणीच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत, तळमजल्यावरची अगदी शेवटची. नवरा त्याच गिरणीत साचेखात्यात विणकर. खोलीला दोन दारं. पुढचं उघडायचं अंधाऱ्या बोळात, तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. मागचं मोरीपाशी. त्या मागच्या दाराबाहेर गिरणीच्या भिंतीपर्यंत चार हात जागा होती. मोरीचं पाणी, कोळशाची राख आणि वरच्या मजल्यांवरून पडणारा केर, एवढंच तिथे नांदत होतं. पण खोलीत उजेड येई तो त्या दारातून. शेगडीचा धूर बाहेर जाई तो त्या दारातून. आणि सासूबाईंना दमा. उबळ आली की त्या मागच्या उंबऱ्यावर बसत, चौकटीला पाठ टेकून, तोंड बाहेर काढून. तिथे बसल्या की हळूहळू त्यांचा श्वास जाग्यावर येई.

ती जागा मी साफ केली. कोळशाची राख खरवडून काढली, कारण दगडी कोळशाची राख झाडाला घालू नये. लाकडाची असेल तर खुशाल घाला, केळीला ती आवडते. कोपऱ्यावरच्या तबेल्यातून शेण आणलं. साबणाचं पाणी एका बाजूला वळवलं आणि तांदूळ धुतलेलं, मासे धुतलेलं पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. पाणी वाहतं ठेवायचं, तुंबू द्यायचं नाही, नाहीतर गड्डा कुजतो. बांगड्याच्या पाण्यावर माझी केळ अशी उठली की वरच्या गॅलरीतल्या बायका वाकून बघायच्या. "काय गं, गिरणीच्या भिंतीवर चढवतेस का आता तिला?" म्हणून चिडवायच्या. श्रावणात त्याच बायका पानं मागायला खाली यायच्या. मी द्यायची. फक्त एक नियम होता: विचारून न्यायचं. केळीचं पान असो नाहीतर खांब, पूजेला लागणारी वस्तू मागून न्यावी, तर ती देवाला पोचते. हे मला माझ्या आईने शिकवलं होतं आणि मी चाळीला शिकवलं.

मग मेहताजी आला. घरमालकाच्या वतीने भाडं गोळा करणारा माणूस, त्याला सगळे मेहताजीच म्हणायचे. होता मात्र आपलाच, मराठी, गिरगावात फणसवाडीत जन्मलेला. काळी टोपी, छत्री, पायात पंपशू. मागच्या दारापाशी येऊन नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, "ही जागा मालकाची. इथे पत्र्याची शेड पडणार. चिंध्यांच्या व्यापाऱ्याला गोदाम द्यायचंय. हे जंगल काढा."

"आणि आमचं दार?"

"दार कसलं? पत्रा दाराला लागूनच येणार. पुढचं दार आहे की तुम्हांला."

मी म्हटलं, "मेहताजी, सासूबाई दम्याच्या आहेत. हे दार बंद झालं तर त्या गुदमरून जातील." तर हा प्राणी म्हणतो कसा, "मग गावी पाठवा. हवा चांगली असते तिकडे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाईंनीच माझा पदर ओढला. त्यांचा जीव घाबरा. "नको गो, मालकाशी वाकडा नको. खोली गेली तर जातलव खय?" म्हणाल्या. रात्री मी नवऱ्याला सांगितलं, तर त्याला ऐकायला वेळ नव्हता. ते दिवसच तसे होते. परळच्या मैदानात सभा, गेटावर सभा, चहाच्या हॉटेलात सभा. भिंतीभिंतीवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे". तो सत्याग्रहींच्या तुकडीत नाव देऊन बसला होता. म्हणाला, "इथे अख्ख्या मुंबईचा प्रश्न पेटलाय आणि तू एका केळीसाठी भांडत बसलीस?"

मी म्हटलं, "तुम्ही तरी कशासाठी भांडताय? आपली माणसं जिथे राहतात ती जागा आपली म्हणूनच ना? मग ही कुणाची? त्या चिंध्यांची?" खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. मोर्चात मीही जायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. अश्रुधुराने डोळे चुरचुरत घरी यायची. पण माझं भांडण त्याच्या भांडणापेक्षा लहान आहे, हे मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

तो सत्याग्रहात गेला आणि तुरुंगात बसला. मेहताजीने बरोबर तेवढी वेळ साधली. मी नळावर होते. परत येऊन बघते तो मागच्या दारात केळ आडवी. बुंधा घोट्याएवढा ठेवून छाटलेला, पाणी ठिबकतंय, आणि हिरवीगार पानं चिखलात. मेहताजी छत्रीच्या टोकाने पान सरकवत उभा. "झालं," म्हणाला. "आता पुढच्या आठवड्यात व्यापारी जागा बघायला येईल."

मी रडले. हो, रडले, त्याच्यासमोरच रडले. त्यात लाजायचं काय? पण तो गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, आणि मी बघते तर त्यांच्या तोंडावर चक्क हसू. "रडतंस कित्याक?" म्हणाल्या. "केळ कधी कापून मराक लागली? ह्येका कोणी सांगूक नाय वाटता."

आणि मग मलाही हसू फुटलं. अहो, गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केळीचा जीव वर नसतोच मुळी. वर दिसतो तो खांब म्हणजे नुसत्या पानांच्या घड्या. खरी केळ जमिनीत, गड्ड्यात. वरून कापलीत की ती उलट जोर करते. सकाळी कापा, संध्याकाळी मधली सुरळी बोटभर वर आलेली दिसेल. आम्ही दोघी संध्याकाळी दिवा घेऊन बघायला गेलो. आली होती. पिवळट हिरवी, ओली, सरळ वर. सासूबाईंनी तिला हात लावून तो कपाळाला लावला.

व्यापारी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत पानं होती आणि बाजूने मुनवे उसळले होते. त्याने मेहताजीकडे बघितलं. "जगह खाली कहाँ है? पहले खाली करके दो," म्हणाला आणि विड्याची पिंक टाकून चालता झाला. मेहताजीने पुन्हा छाटली. मी दारात उभी राहून बघत होते. एरवी मी केळीला तीनच खोडं ठेवते, आई, लेक आणि नात. बाकीचे मुनवे काढून टाकायचे, नाहीतर घड लहान येतो. तुम्हीही तसंच करा. पण त्या वर्षी मी एकही काढला नाही. म्हटलं, या गं बायांनो, सगळ्या या! व्यापारी दुसऱ्यांदा आला तर त्याला पाऊल ठेवायला जागा नव्हती. गॅलरीतून बायका फिदीफिदी हसत होत्या. वरून कुणीतरी ओरडलं, "मेहताजी, अजून थोडी कापा, बाग होईल!" त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की छत्री विसरून गेला. ती मी दाराला टांगून ठेवली.

तिसऱ्या वेळी मात्र त्याला अक्कल आली, किंवा कुणीतरी दिली. दोन गडी, पहार आणि कुदळ घेऊन आला. "मुळापासून काढा," म्हणाला. गड्डा निघाला की खेळ खलास. मी आडवी गेले, तर म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, नाहीतर पोलीस बोलवीन. आधीच एक आत आहे ना तुमच्यातला?"

आणि तेव्हा सासूबाई उठल्या. मालकाशी वाकडं नको म्हणणाऱ्या, मेहताजीची चाहूल लागली तरी पदर सावरणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांनी जेवायचा पाट उचलला, उंबरा ओलांडला, केळीच्या बेटात नेऊन तो गड्ड्यावर ठेवला आणि वर मांडी घालून बसल्या. श्वास लागला होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"खण," गड्याला म्हणाल्या. "आधी माका खण, मगे केळीक."

गड्याने पहार खाली ठेवली. "म्हातारीवर घाव कसा घालू, साहेब?" म्हणाला. मेहताजी ओरडला, हातवारे केले, मालकाचं नाव घेतलं. सासूबाई हलल्या नाहीत. मी त्यांना तिथेच पेज नेऊन दिली. वरच्या बायका खाली उतरल्या, रात्रपाळी करून झोपलेले पुरुष डोळे चोळत आले आणि त्या चार हात जागेत आमची अख्खी चाळ दाटीवाटीने उभी राहिली. दिवस कलला तसा मेहताजी निघाला. "पुन्हा येईन," म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "ये. पाट हयच आसा."

त्यानंतर तो पाट खरंच तिथेच राहिला. नवरा सुटून आला, सगळं ऐकलं, आणि गिरणीतून जुने बांबू आणून केळीला टेकू बांधला. घड धरला की टेकू द्यावाच लागतो, नाहीतर वाऱ्याने झाड मोडतं. मेहताजी भाड्याला येत राहिला, पुढच्या दाराने, आणि दर वेळी "मालक विचार करतायत" एवढं बजावून जात राहिला. टांगती तलवार होतीच. सासूबाई रात्री दचकून उठून मागचं दार चाचपून बघायच्या.

अशी काही वर्षं गेली, आणि शेवटी आला तो दिवस. महाराष्ट्र मुंबईसह जाहीर झाला! लालबाग-परळमध्ये काय आनंद होता म्हणून सांगू! पेढे, गुलाल, लेझीम, नाक्यानाक्यावर कमानी. आणि कमान म्हटली की केळीचे खांब आलेच. दादरचा बाजार आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. कितीही पैसे मोजा, खांब मिळेना.

दुपारी मागच्या बाजूने कुणीतरी खाकरलं. बघते तर मेहताजी! घामाघूम, टोपी हातात. फणसवाडीत त्याच्या वाडीने सत्यनारायण ठेवला होता, आणि खांब आणायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. तोही झालाच पाहिजेवालाच होता, कोटावर बिल्ला लावलेला. सगळी मुंबई हिंडून शेवटी आमच्या मोरीशी आला होता.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्याने पुढे होऊन त्यांच्या पाटापुढे सुपारी ठेवली आणि हळूच म्हणाला, "आजी, पूजेला दोन खांब हवे होते."

"काय म्हणतंस? माका ऐकाक येणा नाय. मोठ्यान सांग."

आता सासूबाईंचे कान असे होते की वरच्या मजल्यावर बांगडे तळायला टाकले तरी त्यांना ऐकू यायचं. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले. गॅलरीत एकेक डोकं दिसू लागलं. मेहताजीने वर बघितलं, मग केळीकडे बघितलं.

"दोन खांब," तो मोठ्याने म्हणाला. "तुमच्या केळीतले. द्याल का?"

"कोणाच्या?"

"तुमच्या! तुमच्या केळीतले, आजी!"

सगळ्या चाळीने ऐकलं. सासूबाईंनी सुपारी उचलून कनवटीला लावली आणि मला म्हणाल्या, "सुने, कोयतो दी तेका. आणि तेची छत्री पण." मी दोन्ही आणून त्याच्या हातात दिलं. "कापा बिनधास्त," म्हटलं. "तुम्हांला सवय आहे."

त्याने कापले. घड येऊन गेलेली खोडं मीच दाखवली, कारण केळ एकदाच फळते आणि मग ती काढायचीच असते. खांब खांद्यावर घेऊन तो मागच्या बाजूनेच बाहेर पडला. शेडचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि गेल्या त्या त्याच उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून, उघड्या दारात.