एम-सातच्या पेशी कोणाच्या?

रिपोर्ट मी दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. एम-सात या नावाने आमच्याकडे तीन वर्षं वाढत असलेल्या पेशी पुरुषाच्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं. आणि त्या ज्यांच्या टाचेतून आल्या, त्या अनुसयाबाई कार्ल्याजवळच्या एका वाडीत भातशेती करणाऱ्या, तीन मुलांच्या आई. (नाव अर्थातच बदललं आहे.)

"कुरिअरवाल्याने घोळ केला असेल," मी म्हणाले. काही बिघडलं की आधी कुरिअरवाला, मग लाइट, आणि कुणीच उरलं नाही तर आपण, असा आमच्याकडे क्रम आहे.

मी परंदवडीजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत सेल कल्चर सांभाळते. पद भारदस्त आहे, काम सोपं. काचेच्या कपाटात, म्हणजे हूडमध्ये, हात घालून बसायचं आणि फ्लास्कमधल्या पेशींना खाऊ घालायचं. त्यांचा खाऊ म्हणजे मीडियम, गुलाबी रंगाचं पाणी. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे मलाही कळत नाही. आमच्यासाठी कधी एवढी हजेरी लावली नाहीस, असं माझी दोन्ही मुलं म्हणतात. खरं असेल.

आम्ही मेलॅनोमावर काम करतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. काळा डाग दिसतो. माणसाला वाटतं काटा मोडलाय, भोवरी झालीय. अनुसयाबाईंनाही तसंच वाटलं आणि वर्ष गेलं. ऑपरेशनमध्ये टाचेचा मोठा भाग काढावा लागला. त्यातला वाटाण्याएवढा तुकडा त्यांच्या परवानगीने आमच्याकडे आला. त्यापासून वाढवलेल्या पेशी म्हणजे एम-सात. टाचेच्या मेलॅनोमाच्या अशा पेशी सहज मिळत नाहीत. नम्रताची सगळी पीएचडी त्यांच्यावर उभी होती. ही जवळच्याच वराळ्याची मुलगी. कोणतं औषध या पेशींना मारतं, ते ती शोधत होती. पेपर तयार होता. जर्नलला फक्त डीएनए प्रोफाइल, म्हणजे पेशींचं आधार कार्ड म्हणा, जोडून हवं होतं. ते शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात काय निघणार होतं?

आमचे डायरेक्टर पेंडसे सर म्हणाले, "पुन्हा पाठवा."

पुन्हा पाठवलं. पुन्हा पुरुष. शिवाय खाली एक ओळ: हे प्रोफाइल तुमच्याच एम-दोनशी तंतोतंत जुळतं. एम-दोन या आमच्या जुन्या पेशी, एका पुरुषाच्या, बाहेरच्या लॅबमधून आणलेल्या. दणकट. कितीही दुर्लक्ष करा, वाढतातच.

म्हणजे एम-दोन एम-सातच्या फ्लास्कमध्ये शिरल्या होत्या. वेगाने वाढून त्यांनी मूळच्या पेशींना जागाच ठेवली नव्हती. प्रश्न एवढाच उरला, शिरल्या कशा?

मी कल्चरचं रजिस्टर काढलं. रोज कोणी काय केलं ते आम्ही हाताने लिहितो. मागे मागे जात दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आठवड्यात पोचले. सगळे रजेवर. पानावर लिहिलेलं: 'एम-दोन, मग एम-सात. मीडियम: तीच बाटली.' अक्षर वळणदार, कुणाचंही कौतुक व्हावं असं. माझं.

प्रत्येक प्रकारच्या पेशींना स्वतंत्र बाटली, हा नियम हूडच्या वर चिकटवलेला आहे. तोही माझ्याच अक्षरात. पण त्या दिवशी बाटलीत दोन बोटं मीडियम उरलं होतं आणि ते ओतून टाकायला जीव झाला नाही. मीडियम ओढायची नळी एम-दोनला लागून परत बाटलीत बुडाली असणार. चार-दोन पेशी पुरतात. विरजणाला किती दही लागतं?

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. पेशी मशीनमध्ये गरगर फिरवल्या की तळाला त्यांची गोळी बसते. एम-सातची गोळी सुरुवातीला तव्याच्या काजळीसारखी काळी असायची. त्या दिवाळीनंतर ती चहाच्या रंगाची झाली, मग कण्यांसारखी पांढरी. नम्रताने विचारलंही होतं, "मॅडम, रंग का गेला?" मी अनुभवी चेहऱ्याने सांगितलं, "होतं गं. शरीराबाहेर राहून रंग सोडतात त्या." हे खरंही असतं, म्हणून तर पचलं. वर पेशी एकदम जोमात वाढायला लागल्या, म्हणून मी लोणावळ्याहून चिक्की आणून सगळ्या लॅबला वाटली.

सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, एम-सात माझ्याकडून गेली."

"खात्री आहे?"

"अक्षर माझं आहे."

त्यांनी रजिस्टर बराच वेळ वाचलं. "लिहून तरी ठेवलंत. न लिहिता केलं असतं तर आपण वर्षभर एकमेकांकडे बघत बसलो असतो." मग म्हणाले, "नम्रताला कोण सांगणार?"

"मीच."

ती रडेल म्हणून मी रुमाल घेऊन गेले होते. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, तुम्ही चिक्की कधी वाटलीत?"

"डिसेंबरात."

"मग त्या दिवाळीपासूनचं, ऑक्टोबरनंतरचं सगळं एम-दोनचं." तिने लॅपटॉप उघडला आणि एकेक फोल्डर 'रद्द' नावाच्या फोल्डरमध्ये ओढायला लागली. मी शेजारी उभी राहिले. दोन वर्षं होती ती. दुपार पुरली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताकाचा चमचा दुधात घातला तर तू माझ्यावर तासभर ओरडतेस." त्या दिवशी मी ओरडले नाही. मग तोच घाबरला.

आता एकच आशा. आम्ही सुरुवातीच्या काही पेशी छोट्या कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतो. त्या दिवाळीच्या आधीच्या तीन कुप्या सापडल्या. पहिली वितळवली. एकही पेशी जगली नाही. दुसरीतल्या तीन आठवडे नुसत्या बसून राहिल्या. नम्रता रोज मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि उठायची. चौथ्या आठवड्यात कडेला चार-पाच ठिपके पसरलेले दिसले. पुढे गोळी बसवण्याइतक्या झाल्या तेव्हा गोळी काळी होती.

पण रंगावर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. या पेशी अनुसयाबाईंच्याच, हे सिद्ध करायला त्यांचा स्वतःचा डीएनए हवा होता. तो आम्ही कधी घेतलाच नव्हता. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांना फोन करून विचारलं आणि आम्ही दोघी स्कूटरवर कार्ल्याला गेलो.

अनुसयाबाई ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. टाचेला खास बनवलेली चप्पल.

"आता काय कापायचं ऱ्हायलंय?"

"काही नाही मावशी. गालाच्या आतून कापूस फिरवायचा फक्त."

"रोग टाचंला आन् कापूस गालात?"

"तुमची ओळख पटवायची आहे."

"माजी? आन् तीन वर्सं काय करीत व्हता?"

नम्रता माझ्याकडे बघायला लागली. रस्त्यात मी दोन-तीन गुळगुळीत वाक्यं जमवली होती. ती आठवेनात. "मावशी, तुमच्या समजून आम्ही दुसऱ्याच्याच पेशी पोसल्या. चूक माझी. तुमच्या म्हणून थोड्या उरल्यात असं वाटतंय. त्या खरंच तुमच्या का, ते बघायचंय."

सुपातले खडे वेचणं थांबलं. "मंजी पार मेल्या न्हाईत?"

"नाही. पण सावकाश वाढतायत."

"भातात गवत घुसतं, त्ये बी भातावानीच दिसतं. जोरात वाढतं म्हनून मानूस खूस. लोंबी आली का मग कळतं." मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पर आमी अडानी. तुमच्याकडं तर लय भिंगं हायती म्हनं?"

"आहेत मावशी."

"मग त्यातून बगत जावा की."

नम्रता तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. माझ्यावर का होईना.

अनुसयाबाईंनी कागदावर सही केली आणि तोंड उघडलं. कापूस फिरवून झाल्यावर नम्रताला म्हणाल्या, "पोरी, मला आता काय त्याचा उपेग न्हाई, ठावं हाय मला. पर जे माजं हाय ते माज्याच नावावर ऱ्हाऊ दे."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. स्त्री. जुळतं. उभ्या उभ्याच नम्रताने अनुसयाबाईंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मला ठावंच व्हतं. तुमच्या म्याडमला सांगा."

पेपर मागे घेतला. आमच्याकडून एम-सात घेऊन गेलेल्या दोन लॅबना सरांनी पत्रं लिहिली, त्यात माझं नाव न घालता 'आमच्याकडून' असं लिहिलं. नम्रताला दीड वर्ष वाढवून मिळालं. तिने पहिल्यापासून सुरुवात केली आहे. गंमत म्हणजे जुन्या निकालांत ज्या औषधाने पेशी पटापट मरायच्या, त्याला या खऱ्या पेशी दादच देत नाहीत. तेव्हा पेपर छापून आला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

मला लेखी समज मिळाली. एम-सातची बाटली आता नम्रता कुलुपात ठेवते. मी हूडजवळ गेले की ती नम्रपणे म्हणते, "असू दे मॅडम, मी करते." मी बाजूला होते.

तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर मला एवढंच कळलंय. पेशी झपाट्याने वाढायला लागल्या तर आधी त्यांची तपासणी करावी. त्रास देत, रडतखडत वाढत असतील, तर बहुधा त्या आपल्याच असतात.