सुजलेल्या पुंगळीचं माप

लोणावळ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान असलेल्या सरदार मणियाराकडे रायफल होती, हे सांगितलं की नवखा माणूस आधी हसायचा. दिवसभर बायकांचे हात चेपून चेपून बांगड्या चढवणारा हा मऊ बोटांचा माणूस, आणि नाचणी पिकायला आली की लोहगडवाडीला रानडुकरांच्या वाटेवर जाऊन बसायचा! रायफल वडिलांपासूनची. एका शिकारी साहेबाने विलायतेला परत जाताना ती त्यांना बक्षीस दिली होती. साहेब भारी बेरकी असला पाहिजे. कारण ती तीनशे साठ बोअरची होती, आणि त्या मापाचं काडतूस साऱ्या मुलखात साहेबाखेरीज कुणी पाहिलेलंच नव्हतं.

एकेचाळीस सालच्या भाद्रपदात सरदारकडे बावीस रिकाम्या पुंगळ्या आणि एकच भरलेलं काडतूस उरलं. लढाईमुळे विलायती माल बंद. बंदुकीची दारू आणि ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या पुण्यात परवान्यावर मिळत, शिशाच्या गोळ्या तो घरीच ओतून घेई. अडलं होतं साच्यावाचून. बार झाला की पितळेची पुंगळी फुगते. साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणल्याशिवाय ती ना गोळी धरते, ना नळीत बसते.

सरदारने मुंबईच्या एका बंदूकवाल्याला पत्र घातलं. उत्तर आलं: साचा मागवता येईल, किंमत पंच्याऐंशी रुपये, लढाई संपल्यावर.

"लढाई कधी संपणार ते नाही लिहिलं," सरदार बायकोवर, कमरजहाँवर चिडला.

"पंच्याऐंशी रुपये कधी जमणार, ते तरी तुम्ही कुठं लिहिलंत?"

पुण्याच्या दुसऱ्याने साडेआठ रुपयांत साचा पाठवला. पार्सल फोडलं तर तो निघाला तीनशे पंचाहत्तरचा. सोबत चिठ्ठी: 'फरक थोडकाच आहे, चालवून घ्यावे.'

"सव्वादोनचा हात आणि अडीचची बांगडी!" सरदार भर दुकानात ओरडला. "मी असं 'चालवून घ्या' म्हटलं असतं, तर बायांनी दुकान उचलून इंद्रायणीत बुडवलं असतं!"

शेवटी तो बाजारामागच्या चाँदभाईकडे गेला. चाँदभाईचं स्वतःचं लेथ होतं आणि हात सोन्याचा होता. मजुरी ठरली चाँदभाईच्या बायकोसाठी दोन डझन बिलोरी बांगड्या.

"नमुना आण," चाँदभाई म्हणाला. "पण भरलेलं काडतूस माझ्या लेथजवळ आणलंस, तर आपली दोस्ती तिथंच संपली."

सरदारने रिकामी पुंगळी दिली. तीन आठवड्यांनी साचा तयार झाला. पुंगळी त्यात अशी अलगद शिरली की दोघांनी एकमेकांना टाळी दिली. बाहेर काढून रायफलीत घातली. अडकली. पुन्हा दाबली. पुन्हा अडकली. पंधरा वेळा तेच.

"नमुन्यात आणि साच्यात केसाचा फरक नाही!" चाँदभाई तापला. "मोजून बघ!"

खरंच नव्हता.

दसऱ्याच्या तोंडावर सरदार बांगड्या घेऊन लोहगडवाडीला गेला, तो कपाळाला आठ्या घालूनच. वाडीतल्या म्हाताऱ्या बायामावशीने हात पुढे केला. बांधावरून पडल्याने तो टम्म फुगला होता.

"मावशी, आज नाही भरायच्या. सुजलेल्या हाताला बसेल ती बांगडी सूज उतरल्यावर गळून पडते." एवढं बोलून त्याने साच्याचं रडगाणं लावलं. मुंबईवाला, पुणेवाला, चाँदभाई, सगळ्यांचा उद्धार झाला.

मावशीने शांतपणे विचारलं, "नमुना कोंचा दिलतास? बार उडालेलाच न्हवं?"

"हो."

"म्हंजी सुजलेल्याचंच माप दिलंस की रं! आन मला शिकवतुया."

सरदारने बांगड्यांची पेटी मिटली आणि तसाच वाडी उतरून मळवली स्टेशनावर लोणावळ्याची गाडी धरली. त्याने ते शेवटचं भरलेलं काडतूस चाँदभाईच्या दुकानाबाहेर स्टुलावर ठेवलं. चाँदभाईने उंबऱ्याच्या आतून, मान फिरवून, हात लांब करून त्याचं माप घेतलं. मनाजोगतं येईना, म्हणून नवा साचा कातता कातता रोज पुन्हा पुन्हा घेतलं.

त्यातच तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशीचा मुलगा बहिरू धापा टाकत आला. "चला भाऊ, डुकरं शिरली! खालचं वावर सपाट केलं. अजून वरचं हाय, त्येच्यावर वरीसभर खायचंय. काडतूस हाय का न्हाई?"

"आहे. पण मापाला दिलंय."

"मापाला? डुकरं माप हुईस्तवर थांबत्यात व्हय?"

सरदार दुकानाला कुलूप लावून चाँदभाईकडे जाऊन बसला. उठला तो नवा साचा घेऊनच. घरी एक पुंगळी दाबली, आपला श्वासही दाबून धरला, ती रायफलीत घातली. खट्! बसली. त्याने सहा काडतुसं भरली, आणि दिवस कलायच्या आत बहिरूबरोबर वरच्या वावराच्या बांधावर हजर झाला.

तिन्हीसांजेला नाचणी हलली. पहिला बार फुकट गेला. दुसऱ्याला दांडगा सुळेवाला नर कोलमडला आणि बाकीचा कळप कारवीच्या झुडपांतून जो उधळला, तो त्या साली फिरून आला नाही. वाडी आरोळ्या ठोकत डुकराकडे धावली. मटणाचे वाटे घालताना सरदारला कुणी विचारणार नव्हतंच. डुकराचा नुसता वारा लागला तरी कमरजहाँ त्याला अंघोळीशिवाय घरात घेत नसे. पण तो होता कुठे? नाचणीत गुडघ्यांवर रांगत होता.

"पुंगळ्या उडाल्या! दोन! कुणी पाय हलवू नका!"

झालं, सारी वाडी पुंगळ्या शोधायला वावरात उतरली.

"भाऊ, डुकरांनी सोडली ती आता आपून तुडवतुया!" बहिरू कळवळला.

एक पुंगळी त्याच्याच वहाणेखाली निघाली. दुसरी मावशीला सापडली. तिने ती करंगळीत घालून बघितली आणि सरदारच्या तळहातावर ठेवली.

"घे. हिची सूज उतरव. आन माझी उतरलीया, तवा उद्या पेटी घिऊन ये."