बोहणीलाच रिकामं झालेलं कपाट

गेमवाल्या मंडळींनो, माझ्या हातून एक घोळ झालाय. कोणाला सांगू कळेना, म्हणून इथे लिहून राहिली.

हातात घेऊनही खेळता येईल आणि टीव्हीलाही लावता येईल असं नवीन मशीन येणार आहे ना, त्यावर जुन्या कॅसेट चालणारच नाहीत, असं परवा मी या ग्रुपवर ठासून लिहिलं होतं. घरी जेवतानाही तेच ऐकवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या मशीनच्या एका धूसर फोटोत कॅसेट घालायची खाच बारीक वाटली, एवढंच.

बाबांचं सीताबर्डीला गेमचं छोटं दुकान आहे. आज शटर उघडताच एक माणूस आला आणि कपाटातल्या सगळ्या जुन्या कॅसेट पडत्या भावात मागू लागला. बोहणीचं गिऱ्हाईक बाबा कधी परत पाठवत नाहीत, तरी आज क्षणभर थांबले. मग माझ्याकडे बघून त्याला म्हणाले, "घेऊन जा गा. माही पोरगी म्हणते, ह्या आता कचरा होतीन. तिले सगळं माहीत रायते."

"बाबा, तो माझा अंदाज होता," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांचा फुललेला चेहरा पाहून मी कॅसेट पिशवीत भरून दिल्या.

दुपारी त्या मशीनचा दुसरा फोटो आला. त्यात खाच अगदी जुन्यासारखीच दिसते. खरं कोणाला माहीत असेल तर सांगा. नाहीतर निदान माझी ती पोस्ट पुढे पाठवू नका.

आत्ता बाबा रिकामं कपाट पुसून राहिले. हसत विचारतात, "काय वं, आता याच्यात काय भरू? तूच सांग."