न टोचलेला डाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भूतखेत, शाप मानणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो... सीटी स्कॅनचा टेक्निशियन मी, तेवीस वर्षं माणसांना आतून बघतोय. आत मांस, हाडं, पाणी. बाकी काही नसतं.

मीरा रोडला, शांती नगरच्या एका सेंटरमध्ये होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगमधल्या कांबळे वहिनी पोटाच्या सीटीला आल्या. शुगरच्या पेशंट. ओळखीच्या, म्हणून मीच त्यांचा नंबर मध्ये घुसवला होता. शिरेतून काँट्रास्ट डाय, म्हणजे फोटोत पांढरं चमकणारं औषध, देण्याआधी रक्तातल्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा असतो; किडनी किती चालते ते त्यावरून कळतं, आणि तो डाय किडनीतूनच बाहेर पडतो.

"भाऊजी, रिपोर्ट संध्याकाळी मिळणारे. उद्या परत उपाशी राहू?"

"रिपोर्टचं राहू द्या वहिनी, घरचंच सेंटर समजा."

आणि फॉर्मवर मी मनानेच आकडा लिहिला — ०.९. नॉर्मल.

"अंगात गरम वाटेल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल. घाबरू नका. भरपूर पाणी प्या, उद्यापर्यंत लघवीतून सगळं निघून जाईल."

"म्हणजे फुकटात गरम पाण्याची अंघोळ!" वहिनी हसल्या.

तिसऱ्या दिवशी लघवी बंद. स्कॅनच्याच संध्याकाळी आलेल्या रिपोर्टवर आकडा होता २.८, नॉर्मलच्या तिप्पट. डॉक्टर म्हणाले, किडनी आधीपासूनच खराब होती. माझा फॉर्म कोणी मागितलाच नाही. तेव्हापासून वहिनींचं आठवड्याला तीनदा डायलिसिस.

गेल्या महिन्यात माझी कंबर धरली. स्टोन असेल म्हणून सिल्व्हर पार्कच्या सेंटरला प्लेन सीटी केला. प्लेन, म्हणजे सुई नाही, डाय नाही. टेबल आत सरकलं... आणि घशापासून खाली गरम लाट उतरली. तोंडात लोखंड.

तिथला टेक्निशियन इम्रान काचेमागून बाहेर आला.

"सर, काँट्रास्ट कब लिया?"

"नहीं लिया."

"मजाक मत करो. दोनों किडनी सफेद चमक रही हैं."

माझ्या आधीचा, नंतरचा पेशंट — दोघांचे फोटो क्लीन. आठ दिवसांनी परत केला, तेवढंच पांढरं. एका दिवसात जाणारी वस्तू! डॉक्टर म्हणाले, मशीनचा दोष असेल. माझं क्रिएटिनिन आलं ०.९.

परवा लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. हाताला डायलिसिसच्या सुईवरची पट्टी.

"भाऊजी, चूक माझीच. तुम्ही बजावलं होतंत, मीच पाणी कमी प्यायले."

तोंडात तीच चव आली. मी मजल्याचं बटण दाबलं.

माझ्या आत ते काय आहे, मला अजून कळलेलं नाही. पण वहिनींना मी एक वाक्य देणं लागतो — चूक तुमच्या पाण्याची नव्हती, आकडा मी खोटा लिहिला. ते अजून दिलेलं नाही.